आखूड दाताचा न्याय

समतेवर आपण पुष्कळ बोलतो. पण समता प्रत्यक्ष आणायची म्हटली की पहिली अडचण येते ती मापाची. कोणाला कोणाच्या बरोबरीने आणायचे? या प्रश्नाचे एक रोखठोक उत्तर मला ग्रंथांत सापडले नाही. ते सापडले साखळी-करवतीला धार लावणाऱ्या एका स्वयंचलित यंत्रापाशी.

ही करवत म्हणजे पोलादी दातांची फिरती माळ. तिच्या आजच्या दाताचे मूळ अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आहे. जो कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली भुंगेऱ्याची एक अळी बुंधा पोखरताना पाहिली. ती डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने लाकूड कापीत होती. कॉक्सने साखळीला तसेच दात दिले आणि १९४७ साली तिचा कारखाना काढला. तेव्हापासून या माळेत एक दात डावा, एक उजवा. एका बाजूचे दात आखूड झाले, तर करवत सरळ न जाता वाकडी ओढ घेते.

एखादा दात खिळ्यावर आपटून मोडतो. मग कारागिराचा नियम असा, की सर्वांत आखूड दात शोधावा आणि बाकीचे सारे घासून त्याच्या मापाला आणावेत. अपघात एकाचा, झीज सर्वांची! दात साधारण चार मिलिमीटर उरला, की साखळीचे आयुष्य सरले.

मी पाहिलेल्या यंत्रात कोन लावायचा, बहुधा तीस अंशांचा. दाताचे टेकण बसवायचे आणि दातांची संख्या सांगायची. पुढे ते आपणच एकेक दात ओढते, चिमट्यात धरते, घासते आणि मोजणी संपली की थांबते. चिमट्यात भुकटी साचली किंवा चाकाची कड झिजली, तर चूकही ते तितक्याच नेमाने करते. चाक फार दाबले, तर पोलाद निळे पडते, दाताचे पाणी उतरते. या साऱ्याकडे माणसालाच पाहावे लागते.

पण आखूड दात कोणता, हे मात्र ते कधीच विचारीत नाही. लांब दातावर माप लावून दिले, तर आखूड दाताला चाक शिवतही नाही. मोजणी पुरी होते, यंत्र थांबते, आणि तो बिचारा बोथटच राहतो.

मी शाळामास्तर आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला हा न्याय लावावा काय? हुशार मुलांना घासून मागच्याच्या मापाला आणणे, हा तर अन्यायच. दात वाढत नाही, म्हणून पोलादात समता फक्त उतरवून येते. मूल वाढते, तिथे आखुडाला वर आणण्याची वाट मोकळी आहे.

तरीही त्या नियमाचा पूर्वार्ध मला सोडवत नाही: आधी आखूड दात शोधा. आपण अभ्यासक्रम, परीक्षा, योजना बहुधा लांब दातावर लावतो. चाक फिरते, आकडे पुरे होतात, अहवाल लिहिले जातात. ज्याच्यासाठी यंत्र सुरू केले, त्याला चाक शिवले की नाही, हे कोणी वाकून पाहिलेले असते काय?