गुण आला म्हणून खरं ठरतं का?

पॉवर बॅलन्स नावाचं सिलिकॉनचं कडं २०१० च्या सुमारास अनेक नामांकित खेळाडूंच्या मनगटावर दिसू लागलं. त्यातला होलोग्राम शरीराच्या ऊर्जाक्षेत्राशी जुळतो आणि तोल, ताकद, लवचिकता वाढवतो, असा कंपनीचा दावा होता. बास्केटबॉलपटू शकील ओनील त्याची जाहिरात करत होता. प्रात्यक्षिक तर डोळ्यांदेखत व्हायचं. गिऱ्हाइकाने हात पसरून उभं राहायचं, विक्रेत्याने हात दाबला की गिऱ्हाईक कलंडायचं. मग कडं घालून पुन्हा तेच, आणि या वेळी ते ठाम उभं!

ऑस्ट्रेलियन स्केप्टिक्स संघटनेच्या रिचर्ड सॉन्डर्स यांनी टीव्हीवर याची चाचणी घेतली. होलोग्राम कोणाच्या अंगावर आहे हे लपवल्यावर कंपनीच्या प्रतिनिधीला तो ओळखता आला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी ४२ खेळाडूंवर खरं आणि नकली कडं ताडून पाहिलं. दोन्हींत फरक निघाला नाही. कडं कुठलंही असो, दुसऱ्या खेपेला कामगिरी सुधारत होती, कारण शरीर पहिल्या खेपेतच सरावतं. विक्रेते कडं नेहमी दुसऱ्या खेपेलाच का घालत, हे त्यातून उलगडलं. डिसेंबर २०१० मध्ये दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नसल्याचं कंपनीने ऑस्ट्रेलियात कबूल केलं.

हा भाग सोपा होता. अवघड प्रश्न वेगळाच आहे: खोट्या समजुतीने खेळाडूला खरोखर फायदा होत असेल, तर ती मोडायची कशाला?

फायदा होतो, हे नाकारता येत नाही. क्रिस बीडी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलपटूंना १० किलोमीटरच्या फेरीआधी कॅफीनचे वेगवेगळे डोस मिळतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात कोणालाच कॅफीन दिलं नव्हतं. मोठा डोस मिळाला असं वाटलं तेव्हा त्यांची सरासरी शक्ती ३.१ टक्क्यांनी वाढली. आपल्याला काहीच मिळालेलं नाही असं वाटलं तेव्हा १.४ टक्क्यांनी घटली.

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं हे नैतिकदृष्ट्याच चूक, असं विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये मांडलं. १८९६ मध्ये विल्यम जेम्स यांनी त्याला उत्तर दिलं आणि श्रद्धेचा हक्क सांगितला. ‘गुण येतो ना, मग झालं’ म्हणणारे नकळत जेम्स यांच्या आडोशाला उभे राहतात. पण जेम्स यांची अट ते विसरतात. जो प्रश्न टाळता येत नाही आणि ज्याचा निकाल बुद्धीने लागूच शकत नाही, तिथेच हा हक्क आहे. ईश्वराचा प्रश्न तसा असू शकेल. कड्याचा निकाल मात्र अर्ध्या तासात लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे स्वतः नावाजलेले कबड्डीपटू. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही चमत्काराचा दावा करणाऱ्यांना हेच जाहीर आव्हान दिलं: तपासणीला या.

शिवाय त्या फायद्यासाठी थाप मारावीच लागते, असंही नाही. ब्राझीलमध्ये २८ महिला सायकलपटूंना ‘या कॅप्सूलमध्ये औषध नाही’ असं स्पष्ट सांगून ती दिली गेली. तरी एक किलोमीटरची त्यांची वेळ सरासरी ०.७ सेकंदाने सुधारली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण खेळाडूला विश्वासात घेऊनही मनाची ताकद वापरता येईल, अशी शक्यता त्यातून दिसते.

संशयवादी सगळंच झिडकारतो, हा आरोपही खोटा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या आहारपूरकांवरील २०१८ च्या निवेदनात कॅफीन, क्रिएटीन, नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि चक्क खायचा सोडा यांना पुरेसा पुरावा असल्याचं मान्य केलं आहे. यादी छोटी आहे, कारण तपासणीत टिकलेलंच तिच्यात आलं.

बाजार मात्र या यादीवर थांबत नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ आहारपूरकं तपासली, तेव्हा ९४ डब्यांत लेबलवर न छापलेले, ॲनाबॉलिक स्टेरॉइड गटातले घटक सापडले. क्लिफर्ड यांच्या निबंधातला जहाजमालक जहाज धड असल्याची स्वतःची समजूत घालतो आणि बुडतात ते प्रवासी. इथेही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून डबा उघडणाऱ्या खेळाडूच्याच शरीरातून नमुना घेतला जातो आणि त्यात सापडलेल्या घटकाची जबाबदारी उत्तेजकविरोधी नियमांनुसार त्याच्यावरच येते.