आईची व्हीलचेअर

आई पहिल्यांदा अमेरिकेला आली तेव्हा मी तिच्या तिकिटावर व्हीलचेअर मागून घेतली होती. आई रोज सकाळी पर्वती चढते. पण परक्या विमानतळावर गेट शोधायचं, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत उत्तरं द्यायची, याची तिला धास्ती होती. व्हीलचेअर घेतली की ढकलणारा माणूस सोबत असतो. आमच्या ओळखीत बरेच जण असंच करतात. आई सगळ्यांच्या आधी विमानात चढली, आणि इथे उतरल्यावर मला पाहताच खुर्चीतून उठून झपझप चालत आली. तेव्हा आम्ही खूप हसलो.

विमानात आधी कोणी चढावं? प्रोग्रामर असल्यामुळे मला हा आधी वेळेचा प्रश्न वाटायचा. जेसन स्टेफन या खगोलशास्त्रज्ञाने २००८ साली यावर शोधनिबंध लिहिला. मागच्या रांगांपासून माणसं सोडून फारसा वेळ वाचत नाही. खिडकीवाले आधी, तेही एकाआड एक रांगेतले, असं केलं तर एकाच वेळी अनेकांना सामान वर ठेवता येतं. उत्तर सुरेख आहे. फक्त त्यात माणूस म्हणजे एक सीट नंबर. कुणाचे गुडघे दुखतात हे त्यात कुठेच येत नाही.

कंपन्यांचं उत्तर पैशाचं. जागा ठरलेली, विमान सगळ्यांना घेऊनच सुटणार, मग आधी चढून मिळतं काय? डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेला जागा. २००८पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या चेक-इनच्या पहिल्या बॅगेलाही पैसे लावू लागल्या, तशी या जागेची टंचाई झाली आणि ती विकता येऊ लागली. मायकेल सँडेल यांच्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’चं पहिलंच प्रकरण अशा विकत मिळणाऱ्या रांगांवर आहे. मला मात्र या रांगेचा फारसा राग येत नाही. पैसे भरणाऱ्याने ‘मी गरजू आहे’ असं कुणाला सांगितलेलं नसतं.

गरजेची रांग विश्वासावर चालते. अमेरिकेत व्हीलचेअर मागणाऱ्याकडे सहसा डॉक्टरचा दाखला मागता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अधू माणसाने दर गेटवर आपलं अधूपण का सिद्ध करावं? पण खुर्च्या मोजक्याच असतात. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याने दोन खुर्च्या मागितल्या होत्या. एकच मिळाली. पत्नीला बसवून ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. पुरेशा खुर्च्या ठेवणं कंपनीचं काम होतं, म्हणून डीजीसीएने तिला ३० लाखांचा दंड केला. तरी बातमी वाचताना मला आईची खुर्चीच आठवली.

आईची गरज खोटी नव्हती. मी तिला दिलेलं नाव खोटं होतं. तिला सोबत हवी होती, आणि फॉर्मवर सोबतीचा रकाना नव्हता, म्हणून मी दुसऱ्याच्या रकान्यात खूण केली. थांबल्याने ज्याचा फक्त वेळ जातो त्याने थांबावं. ज्याच्या शरीराला थांबणं सोसत नाही त्याने आधी जावं, एवढा साधा नियम मला आता पटतो.

पुढच्या खेपेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून त्याच विमानाने येणारं एक कुटुंब शोधलं. त्यांच्यासोबत आई शेवटच्या गटात चढली. वरचे कप्पे भरले होते. बॅग पायाशी ठेवावी लागली. तेवढं चालतं.