फुरातचे पाणी आणि कंत्राटदाराची अमानत

वाचकहो, फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, कोणताही प्रमाणग्रंथ उघडून पाहा. त्याचे पहिले प्रकरण नमाजचे नसते, पाण्याचे असते. कोणते पाणी स्वतः शुद्ध असून इतरांस शुद्ध करते, कोणते शुद्ध असले तरी वुजूस चालत नाही, कोणते नापाक आणि कोणते संशयास्पद, याची चर्चा तेथे पानोपानी चालते. विहिरीत उंदीर पडून मेला तर किती बादल्या उपसाव्यात, हा प्रश्न पाठ करताना मदरशातील पोरांस हसू आवरत नाही. परंतु त्या बादल्यांच्या हिशेबामागे एक गंभीर गोष्ट आहे. मनुष्य पाण्याची पारख क्वचितच स्वतः करतो. बहुधा तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून ते अंगावर घेतो. पाणी ही फार जुनी अमानत आहे.

या अमानतीचे काय झाले याचे एक उदाहरण फुरात नदीच्या काठावरचे आहे. २००३ साली अमेरिकेने इराकवर आक्रमण केले आणि लाखाहून अधिक सैनिक तेथे ठेवले. त्यांचे जेवण, कपडे, निवास, पाणी ही सारी व्यवस्था सैन्याने स्वतः न पाहता एका खासगी कंपनीकडे सोपवली. ही कंपनी केलॉग, ब्राऊन अँड रूट, अर्थात केबीआर. त्या काळी ती हॅलिबर्टनची उपकंपनी होती. डिसेंबर २००१ मध्ये मिळालेल्या या कंत्राटाची रीत अशी, की कंपनीला झालेला खर्च सरकारने भरून द्यायचा आणि त्यावर काही टक्के मोबदला द्यायचा.

रमादी शहराजवळच्या तळावर पाणी फुरातमधून उचलले जाई आणि रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या यंत्रांतून शुद्ध केले जाई. ज्यांच्या घरी आरओ आहे त्यांस ठाऊक आहे, की एका नळीतून स्वच्छ पाणी येते आणि दुसरीतून टाकाऊ. नदीतील जी घाण स्वच्छ पाण्यातून वगळली गेली, ती त्या टाकाऊ पाण्यात अधिक दाट होऊन उतरते. रमादीच्या तळावर हे दुसऱ्या नळीचे पाणी सैनिकांच्या स्नानाच्या आणि हात-तोंड धुण्याच्या टाक्यांत सोडले जात होते. २००५ च्या मार्च महिन्यात एका कर्मचाऱ्यास शौचकूपात अळीसारखे काही हलताना दिसले. कंपनीच्याच जलतज्ज्ञाने पाणी तपासले, तर त्यात क्लोरीनचा अंशही नव्हता. सैनिकांस सावध करावे, असे त्याने वरिष्ठांस सांगितले. सैन्याची चिंता करणे तुझे काम नव्हे, असे उत्तर आपल्याला मिळाले, ही साक्ष त्याने पुढे जानेवारी २००६ मध्ये अमेरिकी सिनेटमधील डेमोक्रॅटिक सदस्यांच्या समितीपुढे दिली. तोवर तो नोकरी सोडून आला होता.

कंपनीने जाहीरपणे आरोप नाकारला. मात्र इराकमधील पाण्याच्या दर्जाची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्या कंपनीच्याच अधिकाऱ्याने मे २००५ मध्ये अंतर्गत अहवाल लिहिला होता. किती जण, किती काळ अशा पाण्याच्या संपर्कात आले हे सांगता येत नाही, आणि सामूहिक आजार किंवा मृत्यूपर्यंत जाऊ शकणारा हा प्रसंग थोडक्यात टळला, असा त्याचा आशय होता. मार्च २००८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी आपला अहवाल दिला. २००४ ते २००६ या काळात कंपनीच्या ताब्यातील तीन ठिकाणी वापराच्या पाण्याचा ठरलेला दर्जा राखला गेला नव्हता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सैन्याच्या स्वतःच्या ताब्यातील दोन ठिकाणी हीच स्थिती आढळली, आणि अमुक सैनिकाचा अमुक आजार या पाण्यानेच झाला असे निरीक्षकांस सिद्ध करता आले नाही.

येथे काही वाचक मनात म्हणतील, आणि ते स्वाभाविक आहे: आम्हाला त्याचे काय? ते सैनिक परक्या भूमीवर शस्त्र घेऊन आले होते. त्याआधी १९९० पासूनच्या निर्बंधांच्या काळात इराकी जनतेच्या जलशुद्धीकरणासाठी लागणाऱ्या क्लोरीनच्या आयातीवरही अडथळे होते. तेव्हा तेथील लेकरे दूषित पाण्याने दगावली. रमादीच्या रहिवाशांस त्याच फुरातचे पाणी कोण शुद्ध करून देत होते? हा संताप मला परका नाही. ते आक्रमण अन्याय्य होते, याविषयीही माझ्या मनात शंका नाही.

तरीही, वाचकहो, हा संताप अमानतीच्या प्रश्नास लावता येत नाही. हिजरतची रात्र आठवावी. मक्केतील कुरैश सरदारांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या हत्येचा कट रचला होता, आणि त्याच मक्कावासीयांच्या ठेवी प्रेषितांच्या घरी होत्या. जिवावर उठलेल्यांचा माल ठेवून घेण्यास याहून सबळ कारण कोणते असेल? पण प्रेषितांनी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते याचसाठी की ज्याची ठेव त्याला पोहोचावी. ठेवीचा मालक कसा आहे, हा प्रश्न तेथे विचारलाच गेला नाही. सूरह अल्-माइदाची आठवी आयत तर याहून स्पष्ट आहे: एखाद्या समूहाचे वैर तुम्हास अन्यायाकडे नेऊ नये. ज्या सैनिकाने सकाळी त्या नळाखाली तोंड धुतले, तो युद्धाबद्दल परमेश्वरास जे उत्तर देणार असेल ते देईल. पाणी देणाऱ्याचा हिशेब निराळा आहे.

कंपनीच्या बाजूने दोन सबबी मांडल्या जातात, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली अशी, की हे पिण्याचे पाणी नव्हते. पिण्यासाठी बाटल्या होत्या. कागदावर ते खरे आहे. पण ज्याने वुजू केले आहे, त्याला ‘वापराचे पाणी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चूळ भरताना ते तोंडात जाते, मग नाकात, मग डोळ्यांच्या कडांना लागते. सैनिक त्याच पाण्याने दात घासत, दाढी करत, खरचटलेले हातपाय धूत. शरीराला टाकीवरची पाटी वाचता येत नाही.

दुसरी सबब अधिक वजनदार आहे: युद्धभूमी होती, तोफगोळ्यांच्या छायेत कामे चालली होती, सारे नियम कसे पाळणार? या सबबीपुढे मला सहीह मुस्लिममधील ती प्रसिद्ध हदीस आठवते. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस लागला. हे उत्तर खोटे नव्हते. प्रेषितांनी पावसाविषयी वाद घातला नाही. त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हा निर्णय त्यांनी तेथेच दिला. पाऊस कोणाच्या हातचा नसतो, युद्धही त्या जलतज्ज्ञाच्या हातचे नव्हते. परंतु ओले धान्य वर ठेवणे हातचे होते. क्लोरीन संपले असेल, यंत्र नादुरुस्त असेल, मनुष्यबळ अपुरे असेल; सैनिकांना ‘आज या पाण्याने दात घासू नका’ एवढे सांगण्यास कोणता तोफगोळा आडवा येतो? माझ्या मते खरा अपराध येथे आहे, टाकीत नाही.

मग उत्तरदायी कोण? आपले धर्मशास्त्रज्ञ या प्रश्नाशी फार पूर्वी झगडले आहेत. एकाच मालकाचा नोकर निराळा, आणि धोबी, रंगारी, शिंपी यांसारखा अनेकांची कामे पत्करणारा कारागीर निराळा. या दुसऱ्यास अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. त्याच्या हातून वस्तू नष्ट झाली तर भरपाई कोणाची? इमाम अबू हनीफा (रह.) म्हणतात की वस्तू त्याच्या हाती अमानत आहे, त्याची कसूर नसेल तर भरपाई नाही. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) म्हणतात की टाळता न येण्याजोगी आपत्ती वगळता तो भरपाईस बांधलेला आहे; नाहीतर प्रत्येक धोबी कपडा हरवला म्हणून हात झटकेल आणि लोकव्यवहार मोडेल. मतभेद आहे तो एवढाच. कसूर दिसून आली तर भरपाई द्यावी लागते, याविषयी दोन्ही पक्ष एकत्र आहेत. आणि काम सोपवणाराही सुटत नाही. प्रत्येक जण राखणदार आहे व त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात वारंवार ऐकतो. ह. उमर (रजि.) यांचे वचन तर याच नदीचे नाव घेते: फुरातच्या काठी एखादे जनावर बेवारस मेले, तरी अल्लाह मला त्याचा जाब विचारील अशी मला भीती वाटते. कोणी कोकरू सांगतो, कोणी उंट. नदी मात्र बहुतेक कथनांत तीच आहे. मदीनेपासून ती कित्येक दिवसांच्या वाटेवर होती, आणि ह. उमर (रजि.) यांनीही तेथील कारभार अधिकाऱ्यांकडे सोपवलेलाच होता.

अमेरिकी न्यायालयांत हाच प्रश्न उलट दिशेने गेला. उघड्यावर कचरा जाळण्याचा धूर आणि दूषित पाणी यांविषयी माजी सैनिकांनी कंपनीवर दावे केले. ती कामे सैन्याच्या देखरेखीखाली होती, युद्धकाळातील सैन्याच्या निर्णयांत न्यायालयाने पडू नये, असे म्हणून दावे फेटाळले गेले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. काम सैन्याने कंपनीकडे सोपवले होते. जाब विचारला तेव्हा ते पुन्हा सैन्याचे ठरले. आपल्यापैकी जे नगरपालिकेची, शाळांची किंवा मशिदीच्या बांधकामाची कंत्राटे घेतात व पुढे पोटकंत्राटे देतात, त्यांना ही वाट अनोळखी वाटणार नाही.

राहिला तो जलतज्ज्ञ. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात एक मसला आहे: समोर पाणी आहे, आणि एक विश्वासू मुसलमान, तो गुलाम असला तरी, सांगतो की हे नापाक आहे. अशा वेळी त्या पाण्याने वुजू करायचे नाही, तयम्मुम करायचे. पैशांच्या वादात दोन साक्षीदार लागतात. पाण्याच्या बाबतीत धर्मशास्त्राने एका सच्च्या माणसाचा शब्द पुरेसा मानला. सांगणारा बेभरवशाचा असेल, तरीही त्याचे म्हणणे उडवून लावायचे नसते. आपल्या मनाशी तोलून निर्णय करायचा असतो. रमादीच्या तळावर सांगणारा स्वतः तपासणी करून आला होता. हे २००५ साली घडले. महानिरीक्षकांचा अहवाल २००८ साली आला, तेव्हा त्या पाण्याने तोंड धुतलेल्या तुकड्या केव्हाच आपापल्या घरी परतल्या होत्या.