आधी मध्य

बसा. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकची वरची बॉडी काढून बाजूला ठेवा आणि चेसिस एखाद्या डब्यावर असा टेकवा की चारही चाकं हवेत राहतील. बॅटरी अजून आणायची नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिथियम-पॉलिमर बॅटरी अशा दिवसांत उन्हात उभ्या गाडीत विसरू नये. घराच्या थंड कोपऱ्यात, दर सेलला ३.८ व्होल्ट ठेवून, ती पडून राहू दे. आपलं काम तिच्याशिवाय सुरू होतं.

खिडकी उघडा, पंखा बंद करा. उकडेल. पण पंख्याच्या वाऱ्यात सोल्डरचा सांधा नीट धरत नाही.

पहिली तार हातात घ्या. तिचं टोक सोला आणि तांब्याच्या केसांना हलका पीळ द्या. आता कल्हई. पूर्वी आमच्या गल्लीत कल्हईवाला बसायचा. भाता फुंकून पितळी पातेलं तापवायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि कथलाचा थेंब कापसाच्या बोळ्याने फिरवला की पातेलं आतून चंदेरी व्हायचं. भांडं पुरेसं तापलेलं नसेल तर कथील धरायचं नाही. तारेचंही तसंच आहे. सोल्डर वितळवून वरून टाकू नका. तार तापवा आणि तिला ते पिऊ द्या. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच अंशाला थिजतं. ते थिजेपर्यंत हात हलवू नका. श्वास हळूच सोडा. चकाकी स्थिर झाली की समजा, सांधा बसला.

सांध्यावर तापवून आकसवायची नळी आधीच तारेत ओवून ठेवलीत ना? सांधा झाल्यावर ती चढवायला जागा उरत नाही.

बॅटरीचा कनेक्टर बदलायचा असेल तेव्हा दोन्ही तारा एकदम कापू नका. एक कापा, तिचं सगळं काम संपवा, तिच्यावर नळी घट्ट बसवा, मग दुसरीकडे वळा. दोन उघडी टोकं एकाच वेळी मोकळी असता कामा नयेत, क्षणभरसुद्धा नाही. मन पुढच्या तारेकडे धावू लागलं तर त्याला हातातल्या तारेकडे परत आणा.

आता स्टिअरिंगच्या सर्व्होची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची, तीन पदरी तार पाहा. एका कडेला काळी किंवा तपकिरी, ती ऋण. दुसऱ्या कडेला पांढरी, पिवळी किंवा नारिंगी. तिच्यातून निरोप येतो. लाल मध्ये. प्लग उलटा बसला तरी लाल तार लालच्याच जागी राहते, म्हणून बहुधा काही जळत नाही. सर्व्हो नुसता गप्प बसतो. ही रचना ज्याने केली त्याने माणसाचा हात कधीतरी चुकणारच हे मनाशी धरलं असावं, असं मला वाटतं, आणि त्याच्याविषयी माया वाटते.

त्या कडेच्या तारेतून काय येतं, इकडे थोडं लक्ष द्या. साधारण सेकंदाला ५० वेळा एक छोटासा ठोका. तो १ मिलिसेकंद टिकला तर चाकं एका टोकाला वळतात, २ मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या. दीड म्हणजे मध्य. ठोका किती वेळ टिकला, एवढ्यावर सगळा अर्थ उभा आहे. चाकं सरळ दिसतात तेव्हाही दीड मिलिसेकंदाचा निरोप येतच असतो. पुढे ट्रकला वीज दिलीत की चाकावर किंचित भार देऊन कान जवळ न्या. सर्व्होची बारीक गुणगुण ऐकू येईल.

म्हणून सर्व्होचा आर्म सुरुवातीला बसवायचा नाही. आता बॅटरी आणा. आधी ट्रान्समीटर चालू करा, ट्रिम शून्यावर घ्या, मग ट्रकला वीज द्या. सर्व्हो आपला मध्य आपण शोधेल. तो शांत झाला की आर्म काटकोनात बसवा. क्रम उलटा झाला तर एका बाजूला वळण अपुरं पडतं आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हो अडून गुरगुरत, तापत राहतो. वळणाची टोकंही ट्रान्समीटरमधून थोडी आत घ्या, म्हणजे चाक अडण्याआधी सर्व्हो थांबेल.

स्पीड कंट्रोलरलाही मध्य शिकवावा लागतो: ट्रिगरला हात न लावता एकदा, पूर्ण पुढे एकदा, पूर्ण मागे एकदा. मोटर ब्रशलेस आणि सेन्सरविना असेल आणि चाकं उलटी फिरली, तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. सेन्सरवाल्या मोटरच्या तारा मात्र नेमून दिलेल्या जागीच राहू द्या.

ॲन्टेनाच्या बारीक तारेशी थांबा. तिचं सोललेलं टोक जेमतेम ३१ मिलिमीटर, लहरीच्या लांबीचा पाव भाग. ते मोडू नका, नळीतून उभं वर काढा. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी हुकमावर चालणारी होडी दाखवली होती; त्याच्या थोडं आधी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपल्याड लहरी पाठवून घंटा वाजवली होती. आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. तो बैल आठवा आणि मधली दोरी नाहीशी झाली असं समजा.

दोरी तुटली तर बैल जागीच उभा राहतो. ट्रकचं तसं नाही.

अकोल्याकडच्या एका पांदणीत, तुरीच्या वावराशेजारी, मी आणि माझा भाचा ट्रक चालवत होतो. खेळ आटोपला म्हणून मी आधी ट्रान्समीटर बंद केला. ट्रक थांबायच्या ऐवजी सुटला. पोरगा मागे धावत ओरडला, "मामा, हा थांबून काहून नाही राह्यला?" ट्रक धुऱ्यावरच्या बोरीत अडकला, चाकं तरीही फिरत होती. घरी येऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ट्रान्समीटर आणि रिसिव्हर एकमेकांशी जोडताना माझं बोट ट्रिगरवर टेकलेलं होतं, आणि रिसिव्हरने निरोप तुटल्यास काय करायचं म्हणून नेमकी तीच अवस्था साठवून ठेवली होती. पांदणीत त्या वेळी समोरून कोणी पोर येत असतं तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा आता बोट ट्रिगरवरून काढा. हात मांडीवर ठेवा. चाकं सरळ आहेत, मोटर स्तब्ध आहे, हे डोळ्यांनी पाहा. ही अवस्था फेलसेफ म्हणून साठवा. मग चाकं हवेत असतानाच ट्रिगर थोडा दाबून ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबली? पुन्हा एकदा करून पाहा. तिसऱ्यांदाही. रोजच्या वापरात मात्र बंद करताना आधी ट्रक, नंतर ट्रान्समीटर.

आता उठा, बाहेर चला. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावरून खाली उतरा. इथली काळी माती फार वेगळ्या गतीने चालते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगून चाकाला अशी बिलगते की चाक दुप्पट होतं आणि मोटर तापते. अशा दिवसांत पिनियन, म्हणजे मोटरवरचं दातेरी चाक, लहान घ्या, आणि मोटरवर बोट टेकवत नसेल तर ट्रक थांबवा. शेतकरी पेरणीआधी वाफसा यायची वाट पाहतो. आपणही पाहू.

वाफसा आला आहे. पांदणीच्या कडेला, पराटीच्या खुंटांपासून थोडं दूर, ट्रक खाली ठेवा. ट्रान्समीटर चालू करा. मग ट्रक. स्पीड कंट्रोलर टुणटुण वाजेल, पुढची चाकं किंचित थरथरून सरळ होतील. ट्रिगरला अजून हात लावू नका. दूर टिटवी ओरडते आहे. ती गप्प होईपर्यंत थांबा, आणि सरळ उभ्या चाकांकडे पाहत राहा.