मिरचीवरची कीड आणि अहिंसेचा प्रश्न

मिरचीच्या शेंड्याची पाने आकसून वाकडी होऊ लागली की शेतकरी त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. घरच्या कुंडीतल्या रोपालाही हा रोग सुटत नाही. औषध फवारले की कीड मरते. पण चार मिरच्यांसाठी तिला मारणे योग्य आहे का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. तो मिरचीहूनही जुना आहे, कारण मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि शेतीतल्या हिंसेचा वाद त्याआधी कित्येक शतके झडला होता.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तिथे होणाऱ्या हिंसेची फेड रोजच्या पाच महायज्ञांनी करायची. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला ऐकवतो की नांगराखाली असंख्य जीव मरतात, तरी शेतीला लोक चांगलेच म्हणतात. बौद्ध विनयाने भिक्षूला जमीन खणणे आणि झाडे तोडणे दोन्ही मना केले, म्हणजे शेतीचा भार गृहस्थावर टाकला.

सर्वांत बारीक विचार जैनांचा. त्यांनी हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात होणारी आणि विरोधी म्हणजे स्वसंरक्षणात होणारी. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पहिली पूर्ण टाळायची, बाकीच्या होतील तितक्या कमी करायच्या. सांगली-कोल्हापूरकडे शेती करणारा मोठा जैन समाज आहे. त्याच्या शेतीला उद्योगी हिंसेची सवलत लागू पडते. गच्चीवरच्या कुंडीला ती कशी लागू पडणार? तिच्यावर कुणाचे पोट अवलंबून नसते. हौशी बागवानाची बाजू इथे शेतकऱ्यापेक्षा लंगडी आहे, हे मान्यच करावे लागते.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातवा अध्याय प्रश्नाला वेगळे वळण देतो. तिथे हिंसेच्या व्याख्येत केवळ जीव जाणे येत नाही. तो प्रमादाने, म्हणजे बेसावध वृत्तीने, घेतला जाणे येते. ही कसोटी मिरचीच्या पानाला लावता येते. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे असतात. ती खाली वळून देठ लांबट झाले असतील तर कोळी. पाने बारीक राहून रोप झुडपासारखे खुरटले असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. कोळी आठ पायांचा, तो कीटक नव्हे. कीटकनाशकांपैकी पुष्कळशी त्याला मारत नाहीत. ती मारतात त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना, आणि मग कोळी आणखी माजतो. पान उलटून न पाहता केलेली फवारणी म्हणजे नेमका प्रमाद: मरायचे ते जगले, निरपराध मेले आणि झाडही वाचले नाही.

कित्येक तक्रारींत तर मारायला कीड नसतेच. एप्रिल-मेच्या उन्हात पारा पस्तिशीपलीकडे गेला की फुले गळतात. युरिया जास्त झाला तरी गळतात. ढोबळी मिरचीच्या टोकाला काळा खोलगट डाग पडतो तो बहुधा पाणी कधी जास्त, कधी कमी दिल्याने, कारण त्यामुळे फळापर्यंत चुना पोचत नाही. कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात ती ओल साचून वाढलेल्या बुरशीने. अशा वेळी बाटली उचलणारा विनाकारण जीव घेतो.

सेंद्रिय उपाय म्हणजे अहिंसक उपाय, हा समज मात्र खरा नाही. निंबोळी अर्काने किडीची खाण्याची वासना जाते आणि पिल्लांची कात टाकणे बिघडते. ती मरतात, फक्त सावकाश. पिवळ्या चिकट सापळ्यावर पांढऱ्या माशीबरोबर मित्रकीटकही अडकतात. ढालकिडा आणून मावा खाऊ घालणे निरागस वाटते, पण जैन शास्त्र स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली हिंसा तिन्ही मोजते. ढालकिडा आपणहून आला आणि त्याला हाकलले नाही, तर गोष्ट निराळी.

विषाणूच्या रोगाला औषध नाही. ते रोप उपटणे भाग असते, नाहीतर पांढरी माशी शेजारची रोपेही बाधित करते. जैन मताने वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, मुंगी त्रींद्रिय, भुंगा चतुरिंद्रिय; या उतरंडीत रोप उपटण्याचा दोष माश्यांवर विष फवारण्यापेक्षा हलका ठरतो.

तेव्हा क्रम असा लागतो: आधी ऊन, पाणी आणि खत तपासावे, मग पान उलटून पाहावे, मावा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, त्याने भागले नाही तरच निंबोळी अर्क, तोही त्या रोपापुरता. एवढीही हिंसा ज्याला नको, त्याला मिरची बाजारातून आणावी लागते, आणि तिच्यावर बहुधा फवारणी झालेली असते.