वस्त्राआडची कांब

जे कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, ते कसे असावे? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका जुना आहे, तितकाच तो कारागिराच्या हातापाशीही जुना आहे. अंगरख्याचे अस्तर, भिंतीचा पाया, मूर्तीची पाठ यांच्याबाबतीत प्रत्येक प्रामाणिक कारागिराला कधी ना कधी त्याचे उत्तर द्यावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका लहान, कदाचित काहींना क्षुल्लक वाटेल अशा वस्तूच्या आधारे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे ऐतिहासिक नाटकातील स्त्रीपात्राच्या घागऱ्याचा घेर आतून धरून ठेवणारी कडी आणि तिच्या चोळीला ताठपणा आणणाऱ्या पट्ट्या.

आपल्या धर्मग्रामांत नाताळ किंवा पालकसंताचा सण आला की नाटके बसविली जातात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनावरील नाटक घ्या. ७ एप्रिल १५४१ रोजी हे संत लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघाले. त्यापूर्वी काही महिने ते राजा तिसरा जॉन आणि राणी कॅथरीन यांच्या राजधानीत होते. हा प्रवेश दाखवावयाचा तर राणी हवी. आणि त्या काळची राणी हवी तर तिचा घागरा घंटेसारखा उभा राहिला पाहिजे. कापड कितीही भारी आणले तरी ते पायांशी लोळते. त्याला आतून कशाचा तरी आधार लागतो. साताऱ्यात किंवा सांगलीत असे नाटक बसविणाऱ्यांपुढे मग प्रश्न उभा राहतो, की हा आधार कशाचा असावा? सांगली तर मराठी रंगभूमीची जन्मभूमी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले. अशा ठिकाणी ‘कसेही चालेल, आतले कोण पाहतो?’ हे उत्तर शोभणारे नाही.

या वस्तूचा इतिहास बोधप्रद आहे. कड्यांचा घागरा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये, कॅस्टिलच्या दरबारी प्रचारात आला. त्याचे स्पॅनिश नाव झाडाच्या कोवळ्या, लवचीक फांदीवरून पडले आहे. विशेष म्हणजे, प्रारंभी ही कडी लपविलेली नव्हती. पेद्रो गार्सिया दे बेनाबारे या चित्रकाराने सुमारे १४७० साली रंगविलेले हेरोदाच्या मेजवानीचे चित्र आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. त्यात सलोमेच्या घागऱ्यावर ही कडी बाहेरून, सर्वांना दिसतील अशी बसविलेली आहेत. पुढे ती कापडाआड गेली. धर्मगुरूंनीही या चालीकडे दुर्लक्ष केले नाही. राणी इसाबेलाचे पापनिवेदन ऐकणारे आणि पुढे ग्रानादाचे महागुरू झालेले एर्नांदो दे तालाव्हेरा यांनी १४७७ च्या सुमारास वस्त्रांतील अतिरेकावर एक प्रबंधच लिहिला. ईश्वराने घडविलेल्या शरीराचा आकार खोटा दाखविणे, ही त्यांच्या आक्षेपाची एक बाजू होती.

तालाव्हेरांनी खोट्या आकारावर बोट ठेवले. त्याहून गंभीर आक्षेप पुढील शतकांत घडलेल्या गोष्टींनी पुढे आणला. चोळीच्या पट्ट्यांसाठी युरोपात देवमाशाचे तथाकथित हाड वापरले जाऊ लागले. वास्तविक ते हाड नव्हेच. काही जातींच्या देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून समुद्राचे पाणी गाळून अन्न अडविणारे पातळ पडदे लोंबतात, त्यांच्या या पट्ट्या. आपली नखे आणि गुरांची शिंगे ज्या जातीच्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या त्या असतात. त्या उभ्या चिरता येतात, उष्णतेने मऊ होतात आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरतात. शिंप्याला याहून सोयीचा पदार्थ मिळणे कठीण. परंतु तेलासाठी आणि या पट्ट्यांसाठी उत्तरेकडील समुद्रांत देवमाशांची इतकी हत्या झाली की कित्येक ठिकाणी ते जवळजवळ नाहीसे झाले. व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला तो १९८२ साली.

१८५६ साली पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचे पेटंट घेतले गेले. एकावर एक चढविलेल्या अनेक परकरांचे ओझे या पिंजऱ्याने उतरविले, म्हणून स्त्रियांनी त्याचे स्वागत केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. महाबळेश्वरी उन्हाळा काढणाऱ्या त्या काळातील इंग्रज मडमांच्या समाजातही हीच चाल होती. पण पोलादाचा दोष निराळ्या ठिकाणी होता. पोलाद स्वतः जळत नाही. मात्र ते कापड शरीरापासून दूर ताणून धरते. घागऱ्याचा काठ आपल्यापासून किती लांब गेला आहे, हे परिधान करणारीला कळत नाही. आणि आतल्या पोकळीतील हवेमुळे पेटलेले कापड क्षणात भडकते.

८ डिसेंबर १८६३ हा दिवस ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये असा आहे. चिली देशाच्या सांतियागो या राजधानीत, पूर्वी येशूसंघाचे असलेल्या मंदिरात, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाची सायंकाळची उपासना होती. मंदिर असंख्य दिव्यांनी सजविलेले होते. वेदीजवळ आग लागली आणि ती सजावटीतून छतापर्यंत पोहोचली. दाराशी लोटलेल्या स्त्रियांचे रुंद घागरे एकमेकींत अडकले. पडलेलीला उठता येईना आणि मागचीला तिच्यावरून पलीकडे जाता येईना. दोन हजारांहून अधिक माणसे त्या संध्याकाळी मृत्यू पावली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या सणासाठी उत्तम पोशाख करून आल्या होत्या. त्यांच्या भक्तीत काही उणे नव्हते. उणे होते ते वस्त्राच्या आत. आणि त्याचा विचार ना विकणाऱ्याने केला होता, ना दिवे लावणाऱ्याने.

येथे एक आक्षेप आदराने विचारात घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, “ऐतिहासिक पोशाख करावयाचा तर तो आतूनही त्या काळचाच असावा. बाहेर सोळावे शतक आणि आत विसाव्या शतकाचे प्लास्टिक, हा अप्रामाणिकपणा नव्हे काय? प्रभू येशूने प्याला बाहेरून घासणाऱ्या परूश्यांना जे सुनावले ते आपल्यालाही लागू पडते.” या म्हणण्यात सत्यांश आहे. त्या राणीची संथ चाल, ताठ मान, वळताना घेतलेला वेळ हे सारे तिच्या अंगावरील ओझ्यातून आलेले होते. आतला आधार अगदीच मिळमिळीत असेल तर अभिनयही पोकळ होतो. जुन्या पद्धतीचा अभ्यास करून तशाच वस्तू घडविणाऱ्यांच्या परिश्रमांची थट्टा करण्याचे कारण नाही.

तथापि नाटकातील सोंग आणि जीवनातील लबाडी यांत भेद आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे बालगंधर्वांचे बालपण गेले. १९०५ साली मिरजेत ते शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर आले. पुढे स्त्रिया त्यांच्या साडीची आणि दागिन्यांची तऱ्हा उचलू लागल्या. शालूच्या आत पुरुष आहे, हे थिएटरातील लहान मुलालाही ठाऊक होते. कोणी फसले नाही, म्हणून कोणी फसविलेही नाही. खोटेपणाला फसवणुकीचा हेतू लागतो. रंगमंचावरील राणीच्या घागऱ्यात देवमाशाऐवजी वेत आहे, याने कोणत्याही प्रेक्षकाच्या विश्वासाचा भंग होत नाही.

याचा आणखी एक दाखला मिरजेतच आहे. तेथील सतारी आणि तंबोरे देशभर प्रसिद्ध आहेत. त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या घोडीवरून तारा जातात, ती सतारीसाठी पूर्वी सांबरशिंगाची किंवा हाडाची करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबरशिंग मागे पडत गेले आणि कृत्रिम पदार्थ पुढे आले. जुन्या नादाची हळहळ काही वादकांना वाटत असेल, तिचा उपहास करू नये. पण नव्या घोडीवर जवारी लावणारा कारागीर जेव्हा कान लावून तासन् तास घासत बसतो, तेव्हा त्याचे काम खोटे आहे असे कोण म्हणेल? पदार्थ बदलला; निष्ठा बदलली नाही.

तर मग निवड कशी करावी? बुरुडाकडची कामटी आपल्या परिचयाची आहे. नाताळच्या ताऱ्याचा सांगाडा तिचाच असतो. ती स्वस्त आणि हलकी. पण टोक फुटले की तिचे कुसळ कापडातून थेट कातडीत शिरते. म्हणून ती चोळीत न घालणे बरे, आणि घागऱ्यात घातली तरी कडा घासून तिच्यावर कापडी पट्टी गुंडाळणे अवश्य. वेत भिजवला की वळतो आणि वाळला की आकार धरतो. परकराच्या कड्यांना तो चांगला, मात्र खुंटीवर वेडावाकडा टांगला तर तसाच राहतो. पोलादी पट्टी पातळ असूनही वाकवली की पुन्हा सरळ होते. परंतु ती घामाने गंजते आणि तिची कापलेली टोके नीट झाकली नाहीत तर बरगडीखाली रुततात. खोकी बांधण्याची प्लास्टिकची पट्टी धुता येते, पण शरीराच्या उष्णतेने हळूहळू वाकते. तासगावच्या द्राक्षबागांतून ठिबक सिंचनासाठी पसरलेली काळी नळी वळवून तिची टोके जोडली तर सुबक कडे होते. बसताना ते दबते आणि उठल्यावर पूर्ववत होते. मात्र प्लास्टिक ज्योतीजवळ वितळून कातडीला चिकटते, म्हणून अशा पोशाखाजवळ जळती मेणबत्ती असूच नये.

सर्वश्रेष्ठ पदार्थ कोणता, याचे उत्तर या यादीत मिळत नाही, कारण ते पदार्थात नाहीच. देवमाशाची कहाणी, सांतियागोची आग आणि आपल्या सभागृहातील राणी यांना जोडणारा धागा एकच आहे. निवड एकाने केली आणि तिचा भार दुसऱ्याने वाहिला; आणि तो दुसरा बोलू शकत नव्हता. देवमाशाला वाचा नाही. आपल्या नाटकात राणी होणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला वाचा आहे, पण ती बोलणार नाही. राणीची भूमिका मिळाल्याचा तिला अभिमान आहे. समोर आईवडील, फादर, सिस्टर बसलेले आहेत. ‘टोचते का गं?’ असे विचारले तर ‘नाही, काही होत नाही’ असेच ती म्हणेल. तिच्या या मौनामुळे शिवणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. न विचारता त्यालाच तिच्या जागी उभे राहावे लागते. पूर्ण श्वास घेऊन तिला गीताची एक ओळ म्हणता येते का? पायरी चढता येते का, दारातून निघता येते का? घाबरली तर एक नाडी ओढून सगळा सांगाडा स्वतःच खाली सोडता येतो का? या प्रश्नांची उत्तरे तालमीतच मिळतात, प्रयोगाच्या रात्री नव्हे.

करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौलाने शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त दिला आहे. जे अवयव दुर्बळ किंवा कमी मानाचे वाटतात, त्यांनाच आपण अधिक जपतो आणि अधिक आदराने झाकतो, असा त्याचा आशय आहे. झाकणे म्हणजे दृष्टीआड टाकणे, असा अर्थ आपण करीत आलो. पौलाच्या विचारात झाकणे हा सन्मान आहे. त्या अर्थाने पाहिले तर वस्त्राआडची कांब ही पोशाखातील सर्वांत आदराने घडवावयाची वस्तू ठरते. टाळ्या मिळतात त्या जरीच्या काठाला. कांबीवर नजर असते ती फक्त तिला अंगावर वागविणाऱ्या मुलीची आणि एकांतात घडणारे सारे पाहणाऱ्या पित्याची. शिवणाऱ्याने या दोघांना उत्तर देता येईल असे काम करावे.