एक घोट आणि पाचवे शील

एका घोटाने पाचवे शील मोडते काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु तो माझ्यावर प्रत्यक्ष ओढवला, आणि त्याचे उत्तर शोधताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या त्या नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांपुढे ठेवाव्यात, म्हणून हे लिहीत आहे. यात माझ्या दोषाची कबुली आहे. ती टाळून उपदेश करण्यात अर्थ नाही.

माझा भाचा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात शिकतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी तो नागपूरला आला होता. आम्ही सारे मिळून दीक्षाभूमीवर गेलो, वंदना केली, पुस्तके विकत घेतली. दोन दिवसांनी रात्री जेवणापूर्वी त्याने आपल्या पेटीतून एक डबा काढला. डब्यावर लाल भोपळ्याचे चित्र होते.

"मामा, ही भोपळ्याची बिअर. तिकडे पानगळीच्या दिवसांतच मिळते. पिऊ नका, नुसती चाखून पाहा."

मी नको म्हटले. तो हसून म्हणाला, "तुम्ही एवढे शिकलेले, आणि एका घोटाला भिता? लोक आपला विटाळ मानत होते, तसा तुम्ही या डब्याचा मानता."

तो शब्द मला लागला. मी पेला हाती घेतला आणि एक घोट घेतला.

चव वाईट होती असे मी सांगणार नाही, कारण ते खोटे ठरेल. आधी दालचिनी, जायफळ आणि लवंग यांचा वास आला. मग भाजलेल्या धान्यासारखा गोडसरपणा, आणि शेवटी जिभेच्या मागे कडवट चव. वासावरून मला आईच्या हातची कोहळ्याची बोंडे आठवली. आमच्या विदर्भात लाल भोपळ्याला कोहळे म्हणतात. नशा चढली नाही, पाय अडखळले नाहीत. पेला खाली ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. घडले ते एवढेच.

पुढचा रविवार आला. आमच्या वस्तीतील विहारात रविवारी सकाळी मी मुलांना त्रिसरण-पंचशील शिकवतो. मी एकेक शील म्हणतो आणि मुले मागून म्हणतात. पाचव्या शिलापाशी माझा आवाज अडकला. मुलांना काही कळले नाही, त्यांनी मोठ्याने म्हटले. मला मात्र कळले की जो शब्द मी मुलांकडून घेत होतो, तो मी स्वतः पाळलेला नव्हता.

त्या क्षणी मला आजोबा आठवले. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या मुखातून बावीस प्रतिज्ञा ऐकल्या आणि म्हटल्या. तोपर्यंत ते मोहाची दारू पीत. गावी परतल्यावर त्यांनी घरातली बाटली उकिरड्यावर ओतली, राखेने घासून धुतली आणि तीत दिव्याचे रॉकेल भरून ठेवले. आजोबांना सही करता येत नव्हती. त्यांनी कारण विचारले नाही, पळवाट शोधली नाही. त्यांचा नातू पदवीधर झाला, शिक्षक झाला, आणि एका हसण्यापुढे त्याचा हात पेल्याकडे गेला. हे मनाला फार बोचले.

आता या पेयाचा विचार करू. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. इंग्लंडहून तेथे गेलेल्या वसाहतवाल्यांना बिअरसाठी लागणारे सातूचे माल्ट पुरेसे मिळत नसे, भोपळे मात्र विपुल. म्हणून त्यांनी भोपळ्याचा गर आंबवला. पुढे सातू मुबलक मिळू लागल्यावर ही बिअर मागे पडली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हेवर्ड गावी बिल ओवेन्स नावाच्या गृहस्थाने ती पुन्हा केली, तेव्हा भोपळ्याची चव पेयात उतरेना. मग भोपळ्याच्या 'पाय' नामक गोड पदार्थात जे मसाले घालतात ते त्याने वापरले. म्हणजे मला जी चव भोपळ्याची वाटली ती मसाल्याची होती. नाव भोपळ्याचे, वास मसाल्याचा आणि काम मद्याचे!

हे काम किती, तेही हिशेबाने पाहावे. अशा बिअरमध्ये शेकडा पाच ते आठ भाग मद्यार्क असतो. सात टक्क्यांचा ३५५ मिलिलिटरचा एक डबा घेतला, तर त्यात सुमारे २५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. आपल्याकडे व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. तिच्या ६० मिलिलिटरच्या पेल्यात जवळजवळ तेवढाच मद्यार्क भरतो. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे लग्नकार्यात ऐकू येते. त्या बोलण्याला हा हिशेब उत्तर देतो.

अशी नवनवी नावे तथागतांच्या काळीही होती. पाचव्या शिलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. विनयपिटकात भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांपैकी एक्कावन्नावा नियम सुरापानाचा आहे. तेथे या दोन्हींचे पाच-पाच प्रकार दिले आहेत. पिठाची, अपूपाची, भाताची, किण्व घातलेली आणि संभार मिसळलेली, ही सुरा. फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आणि संभार मिसळलेले, हे मेरय. संभार म्हणजे वरून घालायचे मसाल्याचे जिन्नस. आजोबांची मोहाची दारू फुलांची. आमच्या भागातली गावठी गुळाची. आणि भाच्याचा डबा? फळाचा, किण्वाचा आणि संभाराचा! तथागतांच्या काळी जंबुद्वीपात लाल भोपळा नव्हता, तरीही भोपळ्याच्या मद्याला त्या यादीत जागा आहे.

त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गवताच्या पात्याच्या टोकावर मावेल एवढे मद्य घेतले तरी भिक्खूला दोष लागतो. परंतु जे मद्य नाही, आणि ज्याला केवळ मद्याचा रंग, वास किंवा चव आहे, ते घेतल्यास दोष नाही. बांधवांनो, या दोन वाक्यांत विटाळ आणि शील यांतला फरक स्पष्ट होतो. विटाळ मानणारा वासाला भितो, स्पर्शाला भितो, सावलीला भितो. आपल्या पूर्वजांना तो सावलीपासूनही दूर ठेवीत होता. शील वासाला भीत नाही, रंगाला भीत नाही. ते फक्त एवढेच विचारते की ही वस्तू माझी जागृती घालवणारी आहे काय? म्हणून भाच्याचे विटाळाचे बोलणे चुकीचे होते. डब्याला हात लागल्याने मी बाटलो नसतो, आणि घोट घेतल्यानेही बाटलो नाही. गोमूत्राने शुद्ध होण्याचा धर्म आपण टाकून दिला आहे.

मग घोट घेतल्याने बिघडले काय?

भाच्याने त्या रात्री आणखी एक मुद्दा मांडला होता, आणि तो वजनदार आहे. तो म्हणाला, "बाबासाहेबांनीच नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे ना? तत्त्व सांभाळा, नियमाचे गुलाम होऊ नका." खरे आहे. १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेसंबंधी तोच भेद येतो. तत्त्व माणसाला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते, आणि त्याची जबाबदारीही देते.

परंतु त्याच बाबासाहेबांनी सतराव्या प्रतिज्ञेत दारूसाठी सवलत ठेवली नाही. थोडी, सणाला, परदेशात, असे काही म्हटले नाही. असे का? मला वाटते, कारण या शिलाच्या स्वरूपातच आहे. तत्त्वाने वागायचे तर प्रत्येक वेळी निवाडा करावा लागतो, आणि निवाडा करणारे मन शाबूत असावे लागते. दुसऱ्या कोणत्याही मोहात सापडलेल्या माणसाला निदान विचार करण्याची शक्ती उरते. येथे पहिला घाव त्या शक्तीवरच बसतो. एक पेला घेतलेले मन दुसऱ्या पेल्याचा न्याय करायला बसते. वजनात खोट असलेला काटाच स्वतःची तपासणी कशी करणार? म्हणून निर्णय पेल्यापूर्वी, शुद्ध मनाने आणि एकदाच करायचा असतो. या ठिकाणी नियम हा तत्त्वाचा शत्रू होत नाही. तत्त्वाचे रक्षण करण्यासाठीच तो उभा असतो.

सुरापानाचा नियम कसा झाला, ती हकिगतही हेच शिकवते. सागत नावाच्या थेरांनी आपल्या तेजोबलाने एका भयंकर नागाला जिंकले. त्यांची कीर्ती कौशांबीला पोहोचली. तेथील उपासकांनी भक्तिभावाने घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी थोडे थोडे घेत सागत निघाले आणि नगराच्या वेशीपाशी पडले. तथागतांनी त्यांना उचलून आणवले आणि भिक्खूंना विचारले की ज्याने नागाला जिंकले, तो या अवस्थेत साध्या पाणसापाला तरी जिंकू शकेल काय? ते मद्य कोणा वैऱ्याने दिले नव्हते. ते प्रेमाने दिलेले होते, आणि प्रत्येक घरचे थोडेच होते.

मलाही भाच्याने प्रेमानेच दिले. पण मी ते प्रेमासाठी घेतले नाही. पाचव्या शिलात 'पमादट्ठान' असा शब्द आहे. पमाद म्हणजे गाफीलपणा, सावधता सुटणे. नीट पाहता माझा प्रमाद घोटानंतर झाला नाही. तो घोटाच्या आधीच झाला. "एवढे शिकलेले, आणि भिता?" हे ऐकताच मी मागासलेला दिसेन, गावंढळ ठरेन, अशी लाज वाटली. मद्य पोटात जाण्यापूर्वीच त्या लाजेने माझी सावधता घालवली होती. शतकानुशतके आपल्याला लाज शिकवली गेली आहे. ती आपल्याला न कळत आपले हात हलवते. ज्या दिवशी माझा शब्द दुसऱ्याच्या हसण्यावर फिरला, त्या दिवशी माझा मालक मी राहिलो नाही. बिघडले ते हे.

परत जाण्याआधी मी हे भाच्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तिकडे शुक्रवारी सगळे एकत्र जमतात. मी नको म्हटले की कारण विचारतात. भारतातल्या मित्रांना बौद्ध आहे म्हणून सांगितले की पुढचा प्रश्न जातीचाच येतो. पेला हातात असला की कोणी विचारत नाही."

म्हणजे त्याचा पेलाही लाजेनेच भरलेला होता. मी त्याला दोष दिला नाही. पाच हजार कोसांवरही जात पाठलाग करते. अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगीच नाही. मी एवढेच म्हटले की लपण्यासाठी पेला धरलास तर तो दर शुक्रवारी धरावा लागेल, आणि "मी पीत नाही" हे वाक्य कारणाशिवायही पूर्ण आहे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याचे शील त्याने घ्यायचे आहे, मी ते त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. 'समादियामि' या क्रियापदाचा कर्ता 'मी' आहे.

नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत हा प्रसंग आज ना उद्या येणार. वरातीत येईल, नोकरीच्या ठिकाणी येईल, आणि नेहमी तो आग्रहाचे, प्रेमाचे रूप घेऊन येईल. अशा वेळी डब्याकडे पाहू नये, स्वतःकडे पाहावे. हा हात कोणाच्या सांगण्यावरून पुढे जातो आहे, एवढे विचारावे. भोपळा, दालचिनी, जायफळ यांत कोणतेही पाप नाही, कोहळ्याची बोंडे खुशाल करावीत. आणि चूक झालीच तर? भिक्खूंनाही या दोषासाठी संघाबाहेर काढत नाहीत. ते दुसऱ्या भिक्खूपुढे दोष उघड करतात आणि पुढे चालू लागतात. आपणही लपवू नये, आणि सारे बुडाले असे समजून पेलाही भरू नये. शील पुन्हा घ्यावे.

पुढल्या रविवारी मी मुलांना घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. विहारात शांतता पसरली. मग सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग आज आम्ही आधी म्हणतो. तुम्ही मागून म्हणा."

मुलांनी पाचवे शील म्हटले. मी त्यांच्यामागून म्हटले.